डुकरं म्हणजे द्राक्षं नव्हेत

एकदा चुकून शहाणं होणाऱ्यांतला मी नाही. पण ही चूक मात्र अशी, की ती निफाडकडच्या द्राक्षवाल्यालाच सुचावी.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बागेच्या कडेला पडीक पट्ट्यात मी शेड बांधली आणि पांढऱ्या यॉर्कशायर जातीची बारा पिल्लं आणली. आमच्या घराण्यात कुणी डुक्कर पाळलं नव्हतं. वडिलांनी एकच अट घातली. "दिवाळीपर्यंत बाराची बारा नव्वद किलोची झाली पाहिजेत. नाय झाली, तर शेड पाडायची नि तिथं द्राक्ष लावायची." नुसतं बोलून ते थांबले नाहीत. द्राक्षाच्या मांडवाचे लोखंडी अँगल आणून शेडच्या दाराशी रचून ठेवले. रोज सकाळी पायाला त्यांची ठेच लागली की मला मुदत आठवायची.

श्रावण आला तरी पिल्लं लांबट तेवढी झाली, भरली नाहीत. हायवेवरच्या हॉटेलांचा उरलेला भात, पोळ्या आणि मक्याचा भरडा उकळून मी पोटभर घालत होतो. मग एका ओळखीच्या औषधवाल्यानं कानात सांगितलं, की परदेशात डुकरांना वाढीचं हार्मोन टोचतात. मला ते जागच्या जागी पटलं. आम्ही द्राक्षाचे घड जीएच्या पाण्यात बुडवतो आणि मणी फुगतो. तेही वाढीचंच औषध. घड बुडवायचा, डुक्कर टोचायचं, एवढाच फरक.

त्यानं दिलेली बाटली सहा डुकरांना पुरली. मग मणी मोजावेत तसा मी रोज त्यांच्या छातीचा घेर मोजू लागलो, बायकोच्या शिवणाच्या टेपनं.

"अहो, ती टेप आता घरात आणू नका," ती म्हणाली. "गावात कळलं तर एक बाई माझ्याकडे ब्लाउज टाकायची नाही."

टेपवरचा आकडा हलेना. उलट टोचलेली सहा कमी खाऊ लागली. शेवटी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी बाटली उजेडात धरली.

"हिच्यावर नाव नाही, तारीख नाही. आत हार्मोन आहे की साखरेचं पाणी, कुणास ठाऊक. पुन्हा टोचायचं नाही. खायला काय घालता?"

मी सांगितलं.

"सोयाबीनची पेंड? मासळीचा चुरा?"

"पोट तर भरतंय त्यांचं."

"पोट भरतंय, अंग कशानं भरणार? खरं हार्मोन असलं तरी ते शरीराला एवढंच सांगतं, की मांस धर. मांस धरायला प्रोटीन लागतं. त्यातून भूक कमी झाली, तर प्रत्येक घासात ते जास्तच हवं. तुम्ही द्राक्षवाले ना? वेलीला खत नाही, पाणी नाही आणि घड जीएत बुडवला, तर काय होईल?"

उत्तर मला शाळेत असल्यापासून येत होतं. म्हणून तर जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून मी हट्टालाच पेटलो. लूनावर पुढे पेंडीचं पोतं, मागे नाशिकच्या बाजारातून आणलेला सुकटीचा चुरा. पारावरचे म्हणायचे, "आलं सुकटीचं टपाल." मी हॉर्न वाजवून पुढे जायचो. वासापायी आईनं माझं ताट बाहेरच्या ओट्यावर मांडायला सुरुवात केली. वडील शेडवरून जाताना उपरणं नाकाला लावायचे. पण एक दिवससुद्धा मी खाडा केला नाही. ऊन, पाऊस, ताप, सगळ्यात वाटा मोजून घातला. टेप मात्र नवी घेतली.

दिवाळीच्या तोंडावर खरेदीदाराचा टेंपो आला. एकेक जनावर काट्यावर चढलं. नऊ नव्वदच्या पुढे गेली. तीन राहिली, तिन्ही टोचलेल्यांतली.

"बारा म्हणलो होतो," वडील म्हणाले.

"नऊ झाली, दादा."

"त्या तिघांना काय कमी पडलं?"

"आधी प्रोटीन. आणि त्याच्याही आधी माझी अक्कल."

ते त्या तिघांच्या अगदी जवळ गेले. उपरणं नाकाला लावायचं विसरले होते. मग पायानं अँगलच्या ढिगाकडे खूण केली.

"त्यातले दोन घे. कुंपण वाकलंय तुझं. पुढच्या लॉटला टिकायचं नाय."