वाटपताईंचा सर्व्हर

सर्व्हर अडकला की बाकीचे त्याला शिव्या घालतात. आमच्या वाटपताई विचारायच्या, "कोन उपाशी हाय ते आधी बघा."

महाप्याच्या आमच्या ऑफिसातून त्या एका रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळायच्या. मूळच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या. वडिलांची होडी होती. मासळी वाटताना होडीचा वाटा आधी बाजूला निघायचा, मग माणसांचे. ताईही मशीनला स्वतःपुरतं काढून ठेवायच्या आणि उरलेलं कामांत वाटायच्या. म्हणून हे नाव. त्यांना ते ठाऊक होतं, आवडतही असावं.

वाटपाला दोन टूल होती. एक प्रत्येक कामाला हद्द घालून देई: इतकी मेमरी, इतका प्रोसेसर, पुढे नाही. दुसरं गर्दी बघून ठरवी, आधी कोणाचं काम. "एकानं कुंपन घालावं, दुसऱ्यानं आतल्या आत हलवावं. दोघांनी एकाच पळीला हात घातला की वाढप बोंबललं," असं त्या प्रत्येक नवख्याला ऐकवायच्या.

नव्या मॅनेजरसाहेबांनी नेमकं तेच केलं. प्रोसेसरचा ताबा दोन्ही टूलना! एक द्यायचं, दुसरं काढून घ्यायचं. भर सकाळी अपघात विभागाचे रक्ताचे रिपोर्ट अडकले. तिथले डॉक्टर फोनवर ओरडत होते, साहेब घाम पुसत होते. ताई तेव्हा सुट्टी टाकून निघालेल्या. त्यांची आई त्याच रुग्णालयात, साध्या वॉर्डात होती. रिपोर्ट आला की ऑपरेशनचं ठरणार होतं. पर्स खाली ठेवून त्या परत बसल्या.

दुसरं टूल बंद करून त्यांनी हद्दी नव्याने आखल्या. अपघात विभागाला मोठा वाटा दिला. तो कुठून तरी काढायलाच हवा होता. त्यांनी वॉर्डांचा कापला. मला राहवेना. म्हटलं, "अहो ताई, आईचा एक रिपोर्ट तेवढा वर घ्या ना! कोणाला काय फरक पडतो?"

"रस्त्यावरनं उचलून आनलेल्याला पडतो," त्या म्हणाल्या, आणि दुसरं टूल नव्या हद्दींच्या आत सुरू केलं. अपघात विभागाचे अडकलेले रिपोर्ट सुटले. साहेबांनी हुश्श केलं. मला त्यांचा संताप आला होता आणि, खरं सांगतो, ताईंचाही.

इतक्यात रुग्णालयातून त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. हात कीबोर्डवर, म्हणून ताईंनी स्पीकर लावला.

"ताय, रिपोर्ट अजून नाय. काउंटरवाला म्हनतो सर्व्हर स्लो हाय. कोन बसलंय गं तिथं?"

"मी हाय," ताई म्हणाल्या. "तू आईजवळ बस."