‘जिवंत’ हा शब्द

आमच्या घरात देवांच्या तसबिरी नव्हत्या, पत्रकं होती. वडील सभेहून परतताना पिशवी भरून आणत. आत्या चाळिशीत अक्षरं शिकली ती त्या पत्रकांवरच. छापलेला शब्द तिला कधी खोटा वाटला नाही.

ओतूरच्या कॉलेजात असताना मी हिवतापाच्या नव्या लशीबद्दल वाचलं. हिवतापाच्या जंतूमधली काही जनुकं काढून टाकायची. असा अधू जंतू यकृतात शिरतो आणि तिथेच अडकतो, रक्तात उतरत नाही. शरीर मात्र त्याला ओळखायला शिकतं. प्रयोग तेव्हा उंदरांवर चालले होते. मला पुढचं दिसलं: उद्या माणसं लागतील, आणि ती आमच्यासारख्यांच्या वस्तीतूनच उचलतील. मी पत्रक लिहिलं. ‘जिवंत जंतू टोचणार! विचारल्याशिवाय सुई घेऊ नका!’ एसटी स्टँडसमोर झेरॉक्स काढून घरोघर वाटलं. उंदरांचं वाक्य जागा पुरेना म्हणून गाळलं.

पाऊस सरला आणि कालव्याकडेच्या आमच्या वस्तीत थंडीताप सुरू झाला. आरोग्य सेवक काचपट्ट्यांची पेटी घेऊन फिरू लागला. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, एवढंच त्याचं काम. त्याला बघून एकेक दार बंद होत गेलं.

आमच्याकडे आला तेव्हा आत्या तीन गोधड्यांखाली कुडकुडत होती. आदल्या दुपारी तापाच्या भरात ती मेलेल्या नवऱ्याशी बोलली होती.

“ताई, लई भारी लिवलंत,” तो मला म्हणाला. “सकाळपासून निस्ती कुत्री जवळ येत्यात. त्यांचंच रक्त घेतो आता.”

“मला न्हाई टोचायचं,” आत्या आतून म्हणाली.

“आत्या, ते रक्त काढतात. आत काही सोडत नाहीत.”

“सुईला कुठं कळतंय आत का भायेर? तूच लिवलंय, इचारा म्हणून. मी इचारलं ह्याला. त्या जंतूचं ह्याला काय बी ठावं न्हाई.”

आरोग्य सेवकानं पेटीतून कोरी काचपट्टी काढली. आत्याच्या डोळ्यांत पिवळेपणा उतरला होता.

“ते पत्रक खोटं आहे,” मी म्हणाले. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

“छापलेलं?” तिनं मान उचलली. “मग तुझ्या बापानं आणलेली बी खोटी व्हती?”

समजावत बसायला वेळ नव्हता.

“असतील,” मी म्हणाले.

तिनं बोट पुढे केलं. सुईकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

“गोळ्या देतो, पर आजच दवाखान्यात न्या,” आरोग्य सेवक हळू आवाजात म्हणाला आणि शेजारच्या दाराकडे वळला. मी जीप बघायला बाहेर पडले. त्या दारामागे कुणीतरी कण्हत होतं.

त्यानं कडी वाजवली.

कण्हणं थांबलं.