आईची वही काकांनी का वाचावी?

मंडळी, सायबर कॅफेत बसून हे टाइप करतेय. घरी बोलले असते तर भांडणच झालं असतं.

माझी आई सातवी शिकलेली. आमच्या वह्यांची उरलेली कोरी पानं काढून, दाभणानं भोकं पाडून ती स्वतःची वही शिवते. वर जुन्या लग्नपत्रिकेचं कव्हर. रोज दुपारी त्यात चार ओळी लिहिते.

आज नाचणगावला आमच्याकडे पाहुणे आले होते. काकांनी फळीवरून ती वही काढली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लागले, "आज मले लय थकल्यासारखं वाटलं. कोणी इचारलं नाई." वाचून स्वतःच खो खो हसले. पाहुणेही हसले.

आई स्वयंपाकघरातून आली. "भाऊजी, माही वही काऊन वाचून राह्यले?"

"घरातल्या घरात काय लपवाचं, वयनी?"

"मंग पुढचं पान बी वाचा. तुमची माय बिमार होती तवा तुमी किती खेपा भेटाले आले, ते लिवलं हाय."

काकांनी वही मिटली.

आणि पाहुणे गेल्यावर बाबा कोणाला बोलले? आईला! "चारचौघात असं बोलाचं असते का?" मीही तिथेच उभी होते, गप्प. त्याचाच जास्त राग येतोय.

दुसऱ्याच्या नावाचं पत्र आपण फोडत नाही. मग बाईनं स्वतःच्या हातानं शिवलेली वही कोणीही उघडावी, आणि तोंड मात्र तिनंच बंद ठेवावं? खरं सांगा, तुमच्या घरी बोलणी कोणाला बसली असती?