दारातलं माप

माझा पाय दारात अडकतो. हॉलमध्ये नाही, गॅलरीत नाही, नेमका फ्लॅटच्या मुख्य दारात. सोसायटीच्या फ्लॅटला कुठला आलाय उंबरा? बोटभर उंचीची संगमरवरी पट्टी आहे, झालं. तिच्यापुढे आलो की तळवे फरशीला चिकटतात. अंग पुढे झुकतं, पाय म्हणतात, नाही. मागून बायको म्हणते, "अहो, टाका ना पाऊल!" आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. अगं, टाकता आलं असतं तर मी काय शोभेला उभा राहिलोय इथे?

पार्किन्सन म्हणतात याला. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं आणि हातपाय ऐकेनासे होतात. आधी उजवा हात कापायला लागला, मग सही मुंगीएवढी झाली, मग चेहरा असा ठोकळा झाला की शेजारचे विचारायचे, "भाईसाहब, नाराज हैं क्या?" नाराज असायचोच, पण ते त्यांना कळण्याचं कारण नव्हतं. सुरुवातीला गोळी घेतली की तासाभरात अंग मोकळं व्हायचं. गेल्या वर्षी ती लागूच पडेना. दिल्लीच्या मयूर विहारातला चौथा मजला, समोर लिफ्ट, आणि मी दाराच्या आत. नोकरीची शेवटची वर्षं मेट्रोने ऑफिस गाठलेला माणूस मी, आता गॅलरीतून मेट्रो नुसती बघत बसायचो.

मुलगा फरीदाबादला असतो. तो कधी आवाज चढवत नाही, म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नाही. "बाबा, औषधाचा असर कमी होत जाणार, बिल्कुल नॉर्मल आहे. तुम्ही दोघं आमच्याकडे या. ग्राउंड फ्लोअर आहे, अटेंडंट ठेवू. हा फ्लॅट भाड्याने देऊन टाकू." माझ्यासाठी काढलेली खोली मी पाहिली होती. खिडकीबाहेर हातभर अंतरावर मागच्या इमारतीची भिंत. त्या खोलीत मला एकदा नेऊन बसवलं की मी काही तिथून उठत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी नाही म्हणालो. बायको हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मला अंघोळ घालून, माझ्या शर्टाची बटणं लावून ती पार थकली होती. तिचं ते गप्प राहणं मला जास्त लागलं.

आमच्या घरात एक कायदा आहे, माझ्या आईपासून चालत आलेला. रिकाम्या पोटी औषध घ्यायचं नाही, उष्ण पडतं. म्हणून प्रत्येक गोळीबरोबर सायीसकट पेलाभर दूध. मी जसजसा ताठरत गेलो तसतसं बायकोने दूध घट्ट केलं. दुपारच्या गोळीला वर पनीर. "अंगात ताकद नाही तर गोळी बिचारी काय करणार?" असं म्हणत पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायची नाही.

मुलाने न्यायची तारीख ठरवली तेव्हा मी हट्टाने एका नव्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला गेलो. त्यांनी विचारलं, "गोली किसके साथ लेते हैं?"

बायको अभिमानाने म्हणाली, "दूध के साथ. खाली पेट कभी नहीं देती."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावलं ते असं, की दूध, पनीर, डाळ यांतली प्रथिनं आणि ही गोळी शरीरात एकाच वाटेने शिरतात. प्रथिनं आधी घुसली की गोळी बाहेर ताटकळते. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या, जेवण अर्ध्या तासाने, आणि दूध-डाळ शक्यतो रात्री.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे मीच तुम्हाला बांधून घातलं होतं."

"सायीच्या दुधाने बांधलंस गं, दोरखंडाने नाही," मी म्हणालो. मला वाटलं हसेल. ती रडायला लागली. मग माझाही राग कुठल्या कुठे गेला आणि मीही रडलो.

पाण्याबरोबर गोळी सुरू झाली आणि आठवडाभरात अंग मोकळं झालं. बटणं मी लावली, चहा मी गाळला. पण दार? दार तसंच! गोळीने सगळं सुटत नाही, दारात अडणं हा या रोगाचा स्वभावच आहे म्हणे. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, यांना ओढू नका, पुढ्यात ओलांडायला काहीतरी द्या. सरळ चालताना अडलेला पाय ओलांडायचं म्हटलं की कधीकधी आपोआप उचलतो. बायकोने पट्टीवर लाल टेप चिकटवली. माझ्या पायांनी तिला भीक घातली नाही. काठी आडवी ठेवली, तरी तेच. आमच्या मराठी मंडळाची बस दर जानेवारीला पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते, मला एवढ्या लांब जायची गरजच नव्हती. माझं पानिपत रोज दारातच होत होतं.

ठरलेला रविवार आला. मी सांगून ठेवलं होतं, दार मी उघडणार आणि लिफ्टपर्यंत एकटा चालून दाखवणार, मग बोला काय ते. बेल वाजली. दार उघडलं. समोर मुलगा, हातात दोन रिकाम्या बॅगा. आणि मी पट्टीच्या आत, खिळलेला.

"राहू द्या बाबा," म्हणत त्याने मला धरायला हात पुढे केला.

"हात लावू नकोस त्यांना," बायको म्हणाली आणि आत गेली. आली ती देवघराखालचं पितळी माप घेऊन, तांदळाने भरलेलं. लग्न होऊन आली तेव्हा याच दारात आईने तिच्यापुढे ते ठेवलं होतं. आता तिने ते पट्टीवर माझ्यापुढे ठेवलं आणि माझं कोपर धरलं. "ओलांडा."

आणि पाय उचलला हो! माप कलंडलं, तांदूळ पॅसेजभर झाले, आणि मी लिफ्टच्या दाराशी उभा होतो.

"ये क्या था? वाटी कशाला ठेवलीस?" मुलाने विचारलं. दिल्लीत वाढलेलं पोर, त्याला माप कुठून ठाऊक असणार? मग त्याचा चेहरा खुलला. "अच्छा, हे तर मस्त आहे यार! तिकडे प्रत्येक दारात एक ठेवू. चलो, पॅकिंग करू."

जिंकलो म्हणेपर्यंत माझीच जीत त्याने बॅगेत भरली होती.

बायको खाली बसून तांदूळ गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "माप घरात येताना ओलांडतात रे. घर सोडून जाताना नाही."

"आई, पण तू थकतेस..."

"थकते. बाई लाव मदतीला, इथे." तिने माप परत भरलं, पट्टीवर ठेवलं आणि आत जाऊन माझ्याकडे हात केला. "या. आणि उजवा पाय आधी हं. मलाही तेच सांगितलं होतं, मीही अडलेच होते."

मी दारापाशी आलो. मुलगा बॅगा घेऊन बाजूला सरकला. मी उजवा पाय उचलला.