तीन पावलं

डेपोत तिला सगळे भिंगरी म्हणत. वीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली, पण रिकामी सीट दिसली म्हणून कधी बूड टेकलं नाही. तळवे जन्मापासून सपाट. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पंचेचाळिशीत मात्र डावा घोटा आतून ठणकायला लागला. संध्याकाळपर्यंत टम्म सुजायचा.

बुटात आधार घालून झाले, व्यायाम झाले, वर्ष गेलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "एकट्या डाव्या पायाच्या चवड्यावर उभ्या राहा." टाच जमिनीवरून हलेचना.

"तळव्याची कमान उचलून धरणारा स्नायुबंध थकलाय. पण पाय अजून लवचीक आहे, सांधे जखडून टाकायला नकोत. टाचेचं हाड कापून जरा आत सरकवू, स्क्रू लावू, बोटाकडचा एक स्नायुबंध मदतीला जोडू. मग सहा आठवडे पाय टेकवायचा नाही."

"सहा आठवडे?" कापाकापीपेक्षा तिनं त्याचाच धसका घेतला.

ऑपरेशन झालं. नवरा कामावर गेला की घरात ती आणि नणंद. नणंदेनं केर काढला, की हिला पलंगावरून नेमका राहिलेला कोपरा दिसे.

"वहिनी, डोळ्यांनाही प्लास्टर घालू का?" नणंद वैतागून विचारी.

चौथ्या आठवड्यात नणंद आंघोळीला गेली आणि गॅसवर दूध वर आलं. कुबड्या दाराशी. भिंगरी तशीच उठली. तीन पावलं टाकली, गॅस बंद केला, आणि टाचेतून अशी कळ गेली की तिला दरदरून घाम फुटला.

ती कुणाला काही बोलली नाही. पण त्यानंतर तिचं कशातच लक्ष लागेना. जरा चमक आली, की स्क्रू निसटला! दहादा बोटं हलवून बघायची, घास तसाच हातात राहायचा.

सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, तशी ती घाईनं म्हणाली, "मी पाय टेकवला होता. दूध उतू जात होतं."

"म्हणजे गॅस तुम्ही बंद केलात?" सोबत आलेली नणंद ओरडली. "मी आपली स्वतःवरच खूश, की आठवणीनं बंद करून गेले!"

डॉक्टर हसले नाहीत. बराच वेळ बघून म्हणाले, "हाड जुळतंय. थोडक्यात वाचलात."

तिथंच तिला रडू कोसळलं.

पुढं काही महिने तिनं पासच्या खिडकीवर काढले, मग पुन्हा बस. सकाळची पहिली पावलं अजून आखडलेली पडतात. घोट्याचा ठणका मात्र गेला.

"आणि उजवा?" नणंद विचारते.

"तो गप्प आहे, त्याला कुणी डिवचू नका," असं म्हणत ती बुटाची नाडी आवळते.