परवानगी न घेता

डॉक्टर भार्गवीला तिचे वरिष्ठ कन्सल्टंट रणजित सर डोळ्यांसमोर नको असायचे, आणि सरांना ती. दोघंही पुण्याच्या एकाच मेडिकल कॉलेजचे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या हॉस्पिटलात मराठी बोलणारी हीच दोन माणसं. पण ते मराठी झापण्यापुरतं आणि उलट उत्तरापुरतंच.

भार्गवीला अंतराळवीरांची डॉक्टर व्हायचं होतं. जर्मनीत त्याचं दोन वर्षांचं ट्रेनिंग होतं, जागा मोजक्याच.

"इथे खाट मिळत नाही म्हणून पेशंट दोन-दोन दिवस ट्रॉलीवर पडून असतात," सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आणि हिला चंद्रावरचे हवेत."

जानेवारीतल्या वादळात एका सकाळी समोरच्या बेटावरून फोन आला. तिथल्या एकट्या नर्ससमोर एक मच्छीमार गुदमरत होता. बरगडी मोडून फुप्फुसाभोवती हवा कोंडली होती. हेलिकॉप्टर उडत नव्हतं. सर मीटिंगमध्ये, फोन बंद. भार्गवीने व्हिडिओवर बघत ती हवा बाहेर काढायला जाड सुई कुठे खुपसायची ते नर्सला सांगितलं. माणूस वाचला.

दुपारी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "कोणाला विचारून केलंस?"

"तुमचा फोन लागत नव्हता."

"मग दुसऱ्या कन्सल्टंटला शोधायचं. तुझ्यामुळे तो मेला असता तर उत्तर मी द्यायचं. हिरोगिरी करायला आलीयेस?"

"तोवर तो गेला असता, सर."

"बाहेर हो."

सरांनी लेखी तक्रार केली. वर ट्रेनिंगसाठीचं शिफारसपत्रही त्यांच्याकडूनच घ्यावं लागणार होतं.

एप्रिलमध्ये ऑनलाइन मुलाखत झाली. निवड समितीच्या बाईंनी ते पत्र वाचून दाखवलं. "परवानगी न घेता निर्णय घेते. टीममध्ये चालणार नाही. हे खरं आहे?"

पत्र किती खोटं आहे, ते सांगायची भार्गवीने तयारी केली होती. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"पहिलं वाक्य खरं आहे. आणि त्यात न लिहिलेलंही एक आहे. पडद्यावर बघताना माझी डावी-उजवी बाजू चुकली. मी सुई चांगल्या फुप्फुसात घालायला सांगत होते. नर्सने मला थांबवलं."

हे तिने नवऱ्याला, जयेशलाही सांगितलं नव्हतं. समितीने पुढचा अर्धा तास फक्त त्या चुकीबद्दल विचारलं: कशी झाली, पुन्हा होऊ नये म्हणून काय करशील? जूनमध्ये तिची निवड झाली.

हॉस्पिटलातल्या शेवटच्या दिवशी ती सरांच्या केबिनमध्ये गेली आणि बाजू चुकल्याचं सरांना सांगून टाकलं.

सरांनी कॉम्प्युटरवरून नजर काढली. "तेव्हाच कळलं असतं तर तुला काढूनच टाकलं असतं."

"माहीत होतं. म्हणून गप्प बसले. ते चुकलंच."

"चुकलंच," सर म्हणाले आणि कॉम्प्युटरकडे वळले. हात कोणीच पुढे केला नाही. तिने दार ओढून घेतलं. मन हलकं झालं होतं. सरांवरचा राग मात्र जिथल्या तिथेच होता.