निमूच्या लग्नाची पत्रिका, दुसऱ्यांदा

देवासच्या आमच्या मंडळाचा अंक निघतो, त्याला म्हणे हसवणारे किस्से पाहिजेत. मी चौथी पास, मला कशाला छळता? पण माझा पुतण्या मंदार मंडळाचा सेक्रेटरी पडला. "काका, माझ्या ऑफिसातले किस्से तोंडानं सांगताच की, तेच लिहा." तोंडानं सांगितलेलं लोक विसरतात, लिहिलेलं राहतं, म्हणून तर नको म्हणत होतो! पण किस्से कुठे जात नाहीत. छापखान्यात रद्दी साठायची, तसे कोपऱ्यात साठतात. लिहून झाल्यावर आधी धारला बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती "असू दे" म्हणाली, मगच दिलं. घ्या.

*

मंदारचं ऑफिस म्हणजे तो, सोनाली आणि तीन कॉम्प्युटर. एक एआय एजंट असतो. "वेबसाइटचं पान बनव" म्हटलं, की तो स्वतःच बनवतो. पण कुठल्या टूलनं काय होतं, हे त्याला लिहून द्यावं लागतं. ही दोघं तेच लिहितात. डॉक्युमेंटेशन म्हणे.

मी म्हटलं, "म्हणजे एवढ्या हुशार मशिनीलाही परीक्षेला कुंजी लागते!"

रोज मला वाचून दाखवतात. का, तर मंदार पाहुण्यांसमोर सांगतो, "काकांना कळलं म्हणजे कोणालाही कळेल." चहा देतो म्हणून ऐकून घेतो.

*

सतवासच्या एका बियाणेवाल्याचं पान बनवायचं होतं. कुंजीत नमुना म्हणून लिहिलेलं, 'दुकानाचं नाव: मोर टी स्टॉल'. एजंटनं नाव नमुन्यातलं उचललं, पत्ता बियाणेवाल्याचा टाकला!

दोन दिवसांनी फोन. "भिया, मैं तो सोयाबीन का बीज बेचता हूँ। दो आदमी सुबह से बैठे हैं, बोलते हैं कट चाय दो!"

सोनालीनं माफी मागितली. मग हळूच विचारलं, "फिर आपने क्या किया?"

"क्या करता? पिला दी!"

*

मी जन्मभर छापखान्यात कंपोझिटर होतो, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले. गिऱ्हाइकानं प्रूफवर सही केल्याशिवाय मशीन चालू करायची नाही, हा नियम. यांच्या कुंजीत शेवटची ओळ, 'पान पब्लिश करा'.

मी म्हटलं, "त्याच्या आधी लिही, ज्याचं पान त्याला दाखवा, हो म्हणू द्या."

"काका, हे सगळ्यांनाच कळतं," मंदार म्हणाला.

"मशिनीला कळतं का?"

सोनालीनं ओळ घातली. संध्याकाळी मंदारनं काढून टाकली. लांबत होतं म्हणे!

*

मग मराठी नमुना पाहिजे झाला. मंदार म्हणाला, "काका, एखादी लग्नपत्रिका सांगा ना."

मला एकच तोंडपाठ आहे. धाकट्या बहिणीची, निमूची. लग्न धारला आमच्या घरी, मुलगा बागलीचा, दिगंबर. पत्रिका मी स्वतः जुळवली होती, एकेक खिळा. वाटूनही झाल्या. आणि आठ दिवस आधी बागलीहून निरोप आला, लग्न नको. कारण आजतागायत कळलं नाही. निमूनं पुन्हा विषय काढू दिला नाही. धारच्या शाळेत मास्तरीण झाली, त्याच घरात राहिली.

नावं बदलायला हवी होती. जीभ वळेना. सोनाली हिंदी शाळेत शिकलेली. लिहिता लिहिता थांबली, "काका, ये 'श्रीकृपेकरून' दूल्हे के चाचा हैं क्या?"

मी पोट धरून हसलो. तेव्हाच थांबायला हवं होतं.

*

सोनालीनं एजंटला सांगितलं, "जरा ट्राय करके दिखा." त्यानं कुंजी वाचली, नमुना उचलला. तिथी अक्षय तृतीया. साल मी सांगितलं नव्हतं, त्यानं यंदाचं टाकलं. वर गणपतीही बसवला. आणि शेवटच्या ओळीप्रमाणे पब्लिश! 'आधी दाखवा' ही माझी ओळ राहिलीच नव्हती.

संध्याकाळी पान काढलं. तोवर नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरून झालं होतं.

धारहून निमूचा फोन. "दादा, माझं लग्न ठरलंय म्हणे. मला कळवायचंस तरी." आणि ठेवला. मग महिनाभर माझा फोन उचलला नाही.

मंदारनं माफी मागितली. सोनाली रडली. मी दोघांवर ओरडत राहिलो, सही का घेतली नाही म्हणून. पण पत्रिका निमूची होती. तिची सही मीच घेतली नव्हती.

*

अक्षय तृतीया झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आपणहून.

"दादा, काल वरपक्षाकडून एक जण आला होता."

"कोण?"

"केस सगळे पांढरे. हातात त्या पानाचा प्रिंट. दारात उभं राहून विचारलं, उशीर झाला का?"

"मग तू?"

"पन्हं दिलं. दोन पेले प्यायला."

"बोलला काय?"

"ते तुझ्या कुंजीत घालायचं नाही."

तिची माफी मागितली की नाही, ती सांगत नाही. माझी मात्र अजून मागितलेली नाही. बागलीच्या दिगंबरनं.